अतिक्रमण कोणाचे? मुळशीची जमीन आणि दोन पिस्तुले

ग्रामीण कथा शिकवताना एक प्रसंग जवळजवळ दरवर्षी समोर येतो. बांधावरून दोन घरांत तेढ पडलेली असते. कोणीतरी रात्रीतून बांध कोरतो, कोणाची तरी गुरे उभ्या पिकात शिरतात, तंटा चावडीवर जातो, तिथून कचेरीत जातो, आणि शेवटी एका सकाळी कुऱ्हाड उगारली जाते. अशा कथेवर प्रश्न विचारला की विद्यार्थी ठरलेले उत्तर लिहितात : जमिनीच्या हव्यासाने माणूस पशू होतो. काहीजण जोडीला ‘जर, जोरू, जमीन’ ही म्हणही टाकतात. ह्या उत्तराला आम्ही शिक्षक गुण देतो, कारण ते आम्हीच शिकवलेले असते.

गेली काही वर्षे मला ह्या उत्तराविषयी शंका वाटू लागली आहे. त्यात हिंसेचे कारण माणसाच्या स्वभावात शोधलेले असते. तापट, हावरा, अडाणी अशी विशेषणे लावली की विवेचन पुरे झाले असे समजले जाते. पण कुऱ्हाड उगारण्यापूर्वी तो माणूस कोठे कोठे जाऊन आला, कोणत्या दारांवर त्याने थाप मारली, आणि ज्याला आपण घुसखोर म्हणतो त्याला ते नाव नेमके कोणी दिले, हे प्रश्न त्या उत्तरात उरतच नाहीत. हे प्रश्न विचारण्यासाठी कथेपेक्षा इतिहासातले एखादे प्रकरण अधिक उपयोगी पडते; कारण तिथे तारखा असतात, कायद्याची कलमे असतात आणि दोन्ही बाजूंच्या हालचाली कागदावर उमटलेल्या असतात. असे एक प्रकरण पुण्याच्या अगदी शेजारचे आहे. मुळशीचा सत्याग्रह आपण अहिंसक लढ्यांच्या यादीत वाचतो. त्याच्या आरंभी एक पिस्तूल आहे आणि शेवटीही एक पिस्तूल आहे, ह्या गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

१

मुळा आणि नीला ह्या नद्यांच्या संगमाजवळचा हा प्रदेश म्हणजे मुळशी पेटा. सह्याद्रीच्या माथ्याला लागून असल्यामुळे पाऊस मुबलक, खाचरांतून भाताची शेती, आणि त्या भातातही आंबेमोहोराचा लौकिक. कसणारे बहुतेक मावळे. हा शब्द उच्चारताच आपल्याला सतरावे शतक आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभीचा मावळा मात्र कर्जात बुडालेला होता. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर चढल्या होत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच खाचरे कसणारा माणूस कागदोपत्री कूळ झाला होता. जमिनीशी त्याचे नाते वहिवाटीचे होते. मालकीचे नाते दुसऱ्याचे होते.

दुसऱ्या बाजूला मुंबई होती. गिरण्यांना स्वस्त आणि भरवशाची वीज हवी होती. घाटमाथ्यावर पडणारे पाणी अडवायचे, ते पूर्वेकडे वाहू न देता पश्चिमेच्या उतारावरून खाली सोडायचे आणि त्या पडण्यातून वीज काढायची, ही योजना टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात यशस्वी करून दाखवली होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते. त्याच मालिकेत मुळशीचे धरण आले. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळशीचे पाणी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात भिरा येथे उतरवायचे होते. ह्या पाण्याखाली पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती आणि सुमारे अकरा हजार माणसांचा प्रश्न उभा राहणार होता.

योजना कागदावर निर्दोष होती. धूर न करणारी वीज, देशी भांडवल, देशी उद्योग : स्वदेशीच्या चळवळीतून नुकत्याच बाहेर आलेल्या पुण्याला ह्यात अभिमान वाटण्यासारखेही पुष्कळ होते. म्हणूनच हा तंटा परका विरुद्ध आपला इतका सोपा नाही. कंपनी देशी होती, सावकार देशी होते, कूळही देशी होते. परके होते ते सरकार, आणि सरकारचा कायदा.

२

पहिले पिस्तूल ह्या टप्प्यावर दिसते. धरणाच्या कामाची पूर्वतयारी म्हणून कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनीत चाचणीचे चर खणायला सुरुवात केली. त्यासाठी शेतकऱ्यांची संमती घेतली नव्हती आणि संपादनाची रीतसर प्रक्रियाही पार पडलेली नव्हती. आपल्या शेतात चर खणण्याला एका मावळ्याने हरकत घेतली, तेव्हा कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले. सत्याग्रहाच्या इतिहासांत ही घटना नोंदलेली आहे आणि असंतोषाचा प्रारंभ तिच्यापासून सांगितला जातो.

इथे क्षणभर थांबून कायदा पाहू. १८९४ चा भूसंपादन कायदा शेतकऱ्याचा कैवारी मुळीच नव्हता. तरीही दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्यासाठी त्यानेही काही पायऱ्या घातल्या होत्या. कलम ४ प्रमाणे आधी सरकारने अधिसूचना काढावी लागे. ती निघाल्यावरच मोजणी करणे, खुणा रोवणे, जमिनीच्या पोटात खणून पाहणे हे अधिकृत ठरे. घराला लागून असलेल्या परसात शिरायचे तर तिथे राहणाऱ्याची संमती किंवा सात दिवसांची नोटीस लागे. कलम ५ प्रमाणे खणण्याने झालेल्या नुकसानीचे पैसे शिरतेवेळीच देऊ करायचे होते. संपादन कंपनीसाठी असेल तर सरकारची पूर्वसंमती आणि सरकारशी करारही आवश्यक होता, आणि काम लोकांच्या उपयोगाचे आहे अशी सरकारची खात्री पटावी लागे.

ह्या पायऱ्या ओलांडून जो शेतात शिरतो, त्याला काय म्हणायचे? भारतीय दंडसंहितेच्या कलम ४४१ मध्ये अतिक्रमणाची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील मालमत्तेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबा असलेल्याला धाक दाखवण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या अथवा त्याला त्रास देण्याच्या हेतूने प्रवेश करणे किंवा तेथे थांबून राहणे, म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण. व्याख्येत ‘मालकी’ हा शब्द नाही, ‘ताबा’ आहे, हे विशेष. म्हणजे कूळ असला तरी शेत त्याच्या ताब्यात आहे. शिवाय कलम ९७ प्रमाणे अशा अतिक्रमणापासून मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. खटला उभा राहिला असता तर काय निकाल लागला असता, हा वकिलांचा विषय. पण साध्या वाचकाच्या नजरेने पाहिले तर त्या दिवशी त्या शेतात कायदा मावळ्याच्या बाजूने उभा होता. पिस्तूल मात्र समोरच्याच्या हातात होते.

‘अतिक्रमण’ हा शब्द आपण नगरपालिकेच्या नोटिशीतून वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. त्याचा मूळ अर्थ पावलाशी निगडित आहे : मर्यादा ओलांडून टाकलेले पाऊल. गंमत अशी, की आपल्या पुराणातली जमिनीची सर्वांत प्रसिद्ध कथाही पावलांचीच आहे. वामनाने तीन पावलांपुरती भूमी मागितली. पण त्यानेदेखील आधी मागितली, आणि बळीने उदक सोडल्यावरच पाऊल उचलले. मुळशीत मागण्याचा भागच गाळला गेला होता.

३

ह्यानंतर मावळ्यांनी जे केले ते, ‘जमिनीवरून माणूस पशू होतो’ ह्या आपल्या परीक्षोपयोगी सिद्धान्तात बसत नाही. ज्याच्यावर पिस्तूल रोखले गेले त्याच्या गाववाल्यांनी कोयते उचलले नाहीत. सभा भरल्या, पुण्यातल्या पुढाऱ्यांकडे माणसे गेली, वृत्तपत्रांत लेख आले. शिवराम महादेव परांजपे, न. चिं. केळकर, विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट अशी नावे ह्या लढ्याशी जोडली गेली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा ठरली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे माणसे धरणाच्या जागेवर जाऊन बसली. त्यांत बायका आणि मुलेही होती. काम थांबले.

त्याच महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून ह्या लढ्याची दखल घेतली. कायदेशीर हक्कावर अडून न बसता टाटांनी लोकांशी बोलावे, त्यांना पटवावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हक्क आणि न्याय ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत होते. कंपनीने काही काळ काम थांबवलेही. ह्या महिन्यांत हा तंटा बोलण्याने सुटण्याची शक्यता होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

पण सरकारने दुसरी वाट धरली. संपादनाची यंत्रणा फिरू लागली, आणि तिच्याबरोबर कलमेही फिरली. कलम १६ असे सांगते, की निवाडा होऊन जिल्हाधिकाऱ्याने ताबा घेतला, की जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारच्या मालकीची होते. ‘सर्व बोजे’ ह्यांत गहाण येते, वहिवाट येते, कुळाचा संबंध येतो. कलम ४६ प्रमाणे संपादनाच्या कामाला जाणूनबुजून अडथळा करणाऱ्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ४७ प्रमाणे विरोध झाल्यास दंडाधिकाऱ्याने सक्तीने ताबा मिळवून द्यायचा. आणि ज्या दंडसंहितेने मावळ्याला आपल्या शेताच्या रक्षणाचा हक्क दिला होता, तिचेच कलम ९९ तो हक्क काढून घेते. लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने काही करत असेल, तर त्याच्या कृतीविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही, मग ती कृती कायद्याच्या दृष्टीने काटेकोरपणे समर्थनीय नसली तरी. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची धास्ती असेल तेवढाच अपवाद. त्याच कलमात आणखी एक मर्यादा आहे : सार्वजनिक अधिकाऱ्यांकडे जाऊन संरक्षण मागायला अवधी असेल, तर स्वतः प्रतिकार करण्याचा हक्क नाही. एरवी हे तत्त्व शहाणपणाचेच आहे. परंतु जिथे ताबा घेणारा आणि दाद ऐकणारा अधिकारी एकच, तिथे ह्या शहाणपणाचा अर्थ काय उरतो?

डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही. जागा तीच, माणसे तीच, बसण्याची रीत तीच. बदलले होते ते एवढेच, की कंपनी आता तिथे हक्काने उभी होती आणि शेतकरी आपल्याच खाचरात घुसखोर ठरला होता. अटका झाल्या, शिक्षा झाल्या, पुढारी आणि मावळे तुरुंगांत गेले. दोन्ही बाजूंच्या अंगी तेच दोष आणि तेच गुण होते. ‘अतिक्रमण’ हा शब्द मात्र बांधाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेला होता, आणि त्याला नेणारा होता एक सरकारी कागद.

ह्यात एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. संपादनालाच हरकत घेण्याचा आणि ती ऐकून घेतली जाण्याचा हक्क मूळच्या १८९४ च्या कायद्यात नव्हता. तिथे वाद घालता येई तो जमिनीच्या मोजणीचा, भरपाईच्या रकमेचा आणि तिच्या वाटणीचा. ‘माझी जमीन घेऊ नका’ हे वाक्य ऐकण्यासाठी कायद्यात खुर्चीच नव्हती. हरकती ऐकण्याची तरतूद करणारे कलम ५-अ १९२३ च्या दुरुस्तीने आले. तोवर मुळशीचा पहिला सत्याग्रह होऊन दोन वर्षे उलटली होती. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले ते आडमुठेपणाने नव्हे. त्यांचे मूळ म्हणणे मांडण्याची दुसरी जागाच नव्हती.

४

लढा आतूनही पोखरला जात होता. भरपाई मिळणार होती ती कागदावर ज्याचे नाव असेल त्याला. बाजारभावावर सक्तीच्या संपादनाबद्दल शेकडा १५ जादा, अशी कलम २३ ची तरतूद होती. सावकाराच्या दृष्टीने हा व्यवहार वाईट नव्हता. मावळातली, पावसाळ्यात तुटलेली, वसुलीला कटकटीची जमीन देऊन रोख रक्कम हाती येत होती. पुण्यात ह्या प्रश्नावर दोन तट पडले, आणि ते स्वराज्य विरुद्ध सरकार असे नव्हते. नावावर जमीन असलेला आणि हातात नांगर असलेला, असे ते तट होते. कुळाच्या वाट्याला ह्यातून फारसे काही यायचे नव्हते. मुंबई इलाख्यात कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा १९३९ मध्ये झाला, आणि अधिक भक्कम कायदा १९४८ मध्ये. १९२१ साली मुळशीचा कूळ ह्या दोन्हींच्या अलीकडे उभा होता.

एकेक करून माणसे भरपाई घेऊ लागली. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. धरणाची भिंत दररोज चढत असताना, तुरुंगवास भोगून परत आलेल्या माणसाने घरच्या तोंडांकडे पाहून काय करावे, हे सांगण्याचा अधिकार निदान आपल्या पगारदार वर्गाला नाही. लढा क्षीण होत गेला. गांधीजींचे मतही ह्या काळात लढा पुढे चालवण्याच्या विरुद्ध झाले. बहुसंख्य लोकांनी भरपाई स्वीकारली आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे, आणि लढ्याचा नेता अहिंसेवर संपूर्ण श्रद्धा असणारा नाही, अशी कारणे त्यांनी दिली. तिसरे कारण बापटांविषयीचे होते, आणि ते खरे होते.

५

पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे; जन्म १८८०. डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तिथे राजकीय भाषणाबद्दल शिष्यवृत्ती गेली. पॅरिसमध्ये हेमचंद्र दास ह्यांच्या सोबतीने बॉम्बची विद्या मिळवण्याच्या खटपटीत ते होते. १९०८ च्या अलीपूर बॉम्ब प्रकरणाशी त्यांचे नाव जोडले गेले आणि काही वर्षे त्यांनी अज्ञातवासात काढली. पुढे हाच माणूस पारनेरच्या रस्त्यांवर हातात झाडू घेऊन सफाई करताना लोकांनी पाहिला. मुळशीने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. निःशस्त्र लढ्यात मिळालेली ही लष्करी पदवी त्यांना १९६७ मध्ये निधन होईपर्यंत आणि त्यानंतरही चिकटून राहिली आहे.

बापट शस्त्राकडून सत्याग्रहाकडे आले होते. अहिंसा हे त्यांचे व्रत नव्हते. अन्यायाला उघडपणे भिडणे आणि त्याची शिक्षा स्वतः भोगणे, हा त्यांच्या दृष्टीने सत्याग्रहाचा गाभा होता. तुरुंगवास भोगून ते बाहेर आले तेव्हा धरण पुरे होत आले होते आणि मागे बसायला माणसे उरली नव्हती. डिसेंबर १९२४ मध्ये ते आणि मोजके साथीदार शस्त्रे घेऊन निघाले. धरणाच्या मजुरांना घेऊन जाणारी आगगाडी त्यांनी अडवली आणि गोळ्या झाडल्या. माणसे जखमी झाली. पळून न जाता बापटांनी स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

हे दुसरे पिस्तूल. रामनवमीच्या त्या दिवसापासून ह्या दिवसापर्यंत तीन वर्षे आठ महिने गेले होते.

ह्या घटनेचे काय करायचे, हा मुळशीच्या प्रत्येक वाचकापुढचा प्रश्न आहे. चरित्रकारांचा कल तिला शौर्यकथा करण्याकडे असतो. अहिंसक चळवळींचे अभ्यासक ती तळटीपेत ढकलतात. मला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात. शौर्यकथेला विचारावे, की गोळी कोणाच्या दिशेने गेली? पहिले पिस्तूल कंपनीच्या अधिकाऱ्याच्या हातात होते. दुसऱ्या पिस्तुलासमोर अधिकारी नव्हते, संचालक नव्हते, सावकार नव्हते. पोटासाठी कामावर निघालेले मजूर होते. जमीन गमावलेल्यांच्या वतीने झाडलेली गोळी ज्यांच्याकडे बहुधा जमीनच नव्हती त्यांच्या अंगाला लागली. सशस्त्र प्रतिकाराचा हा दुर्दैवी नियम आहे : अन्याय करणारा लांब असतो, आणि हाताच्या टप्प्यात येतो तो त्याचा चाकर. शिवाय त्या गोळीने धरण थांबले नाही. थांबला तो लढा, आणि विरोधकांना जे हवे होते ते सहज मिळाले : तीन वर्षे निःशस्त्र बसलेल्या हजारो माणसांच्या लढ्यावर हिंसेचा ठपका.

तळटीपवाल्यांना दुसरा प्रश्न विचारावा. हे दुसरे पिस्तूल एका तापट माणसाच्या डोक्यातून निघाले असे म्हणून आपली सुटका होते का? मधली वर्षे क्रमाने पाहिली तर एकेक दार बंद होताना दिसते. आधी विचारल्याशिवाय पाऊल टाकले गेले. हरकत घेतली तर पिस्तूल दाखवले गेले. संपादनाविरुद्ध म्हणणे ऐकण्याची जागा कायद्यात नव्हती. भरपाईची वाट कसणाऱ्याच्या घराला वळसा घालून गेली. निःशस्त्र बसणे हाच गुन्हा ठरला. शेवटी बोलणारे थकले, आणि मागे तोच उरला ज्याला शस्त्राचे वावडे नव्हते. दीर्घकाळ न ऐकलेल्या तंट्यात नेतृत्व बहुतेकदा असेच सरकते. समंजस माणसे आधी हरतात, कारण त्यांच्याकडे हरण्यासारखे पुष्कळ असते. हे बापटांच्या कृतीचे समर्थन नव्हे. पण ह्या क्रमाशिवाय तिचे आकलनही होणार नाही.

आणखी एक विषमता ध्यानात घ्यावी. दुसऱ्या पिस्तुलाची तारीख आहे, खटला आहे, सात वर्षांची शिक्षा आहे. पहिल्या पिस्तुलाची फक्त कथा आहे. दोन्ही शस्त्रे एकाच जमिनीवरून निघाली. पण हिंसा म्हणून राज्याच्या कागदात भरली ती एकच. इतिहासात कोण आधी शस्त्र काढतो ह्यापेक्षा कोणाच्या शस्त्राचा पंचनामा होतो, ह्यावर ‘हिंसा कोणी केली’ ह्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ठरते.

६

भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली. त्या विजेवर चाललेल्या गिरण्यांतून हजारो घरे जगली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. मुळशीचा विचार करताना दुसऱ्या पारड्यात काय होते ते लपवू नये. परंतु ज्यांची खाचरे बुडाली त्यांची संमती त्या हिशेबात कधी जमेला धरलीच गेली नाही.

सत्याग्रहात स्वतः असलेल्या विनायकराव भुस्कुटे ह्यांचे पुस्तक १९६८ मध्ये आले. राजेंद्र व्होरा ह्यांचा अभ्यासग्रंथ १९९४ मध्ये मराठीत आणि २००९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला; इंग्रजी पुस्तकाच्या नावातच मुळशीला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. पहिले पुस्तक सहभागी माणसाचे, दुसरे राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचे. ह्या दोहोंच्या मधल्या काळात महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला होता, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नर्मदेच्या खोऱ्यातील आंदोलनाने विस्थापनाचा प्रश्न देशापुढे आणला होता. मुळशीकडे नव्याने पाहण्याची नजर ह्या घडामोडींनी दिली असे म्हणता येईल. पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेला लढा त्यामुळे पुन्हा प्रश्न म्हणून समोर आला.

कायदाही अखेरीस हलला. १८९४ चा कायदा जाऊन त्याजागी २०१३ चा नवा कायदा आला आणि तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी निदान ८० टक्क्यांची पूर्वसंमती त्यात आवश्यक ठरली, आणि बाधित कोण ह्याच्या व्याख्येत कुळे, वाटेकरी, शेतमजूर ह्यांचाही समावेश झाला. मुळशीच्या मावळ्याने जे मागितले असते ते साधारणपणे हेच : आधी विचारा, आणि विचारताना कसणाऱ्यालाही विचारा. हे कागदावर यायला सुमारे नव्वद वर्षे लागली. दंडसंहितेची जागाही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, अतिक्रमणाची कल्पना मात्र टिकून आहे. तिचा रोख कोणाकडे वळवायचा हे अजूनही पुष्कळदा अधिसूचनाच ठरवते.

आता पुन्हा वर्गात जाऊ. बांधावरच्या खुनाची कथा शिकवताना मी अलीकडे स्वभावाचा प्रश्न शेवटी विचारतो. आधी विचारतो, की ह्या कथेत सातबारावर नाव कोणाचे आहे आणि नांगर कोणाच्या हातात आहे? ‘घुसला’ हे क्रियापद लेखकाने कोणासाठी वापरले आहे, आणि ते पात्र स्वतःविषयी कोणते क्रियापद वापरते? कुऱ्हाड उगारण्यापूर्वी किती वेळा तोंड उघडले गेले, आणि समोर ऐकणारा कोणी होता का? विद्यार्थी आधी गोंधळतात; मग त्यांच्यातलेच काहीजण, ज्यांच्या घरी असा एखादा दावा वर्षानुवर्षे चालू असतो, ते हळूहळू बोलू लागतात. कथा त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळलेली असते, फक्त परीक्षेत तसे लिहायचे नसते असे त्यांना वाटत असते.

असा प्रश्न विचारल्याने कुऱ्हाड उगारणारा निर्दोष ठरत नाही. आगगाडीत जखमी झालेल्या मजुराला बापटांच्या त्यागाची गाथा ऐकवून त्याची जखम भरत नाही, हे वाचकाने विसरता कामा नये. पण साहित्याच्या अभ्यासकाला निदान एवढे करता येईल, की शेवटच्या पानावरच्या शस्त्राकडे बोट दाखवण्याआधी त्याने पहिल्या पानावरचे शस्त्र शोधावे. मुळशीच्या कथेत ते एका शेतात, नुकत्याच खणलेल्या चराच्या काठाशी, हरकत घेणाऱ्या एका माणसावर रोखलेले सापडते.